लाल पेन्सिलीचा विश्वासघात

मंडळी, आज सकाळी माझ्या लाल पेन्सिलीचा घोर अपमान झाला. कृपया निषेध नोंदवावा.

सातवीतल्या आमच्या ईराला इंग्रजी वाक्यांतले कर्ता आणि क्रियापद ओळखायला मी रोज संध्याकाळी अर्धा तास शिकवतो. रीत आमच्या संस्कृतच्या गुरुजींची: आधी क्रियापद शोधून त्याखाली लाल रेघ मारायची, मग त्यालाच ‘कोण?’ असं विचारायचं. कर्ता मुकाट्याने हजर होतो.

आज पेन्सिल शोधायला तिचं दप्तर उघडलं, तर दुसरीच वही निघाली. आज संध्याकाळची वाक्यंसुद्धा तीत सोडवलेली!

“हे कधी केलंस?”

“बाबा, मोबाइलने फोटो काढला की उत्तरं येतात. महिना झाला.”

“मग रोज माझ्यासमोर डोकं का खाजवत बसतेस?”

“तुम्हाला मजा येते ना! बुरा नका मानू, यार.”

म्हणजे महिनाभर शिकवणी माझीच चालली होती.

तुमच्याकडेही असंच चालतं का? माझं म्हणाल, तर फसवल्याचा राग पोह्यांबरोबर उतरला. पण ईरा एरवी घरातही हिंदीच बोलते. मराठी बोलायची ती त्या अर्ध्या तासात. तोही संपला, तर आम्ही मराठीत बोलणार तरी कशावर, याची मला भीती वाटते.