स्पिरिटवर चढलेली स्कूटर

आमच्या महाल भागातल्या घरात सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, अशी रीत होती. जे काही सांगायचं ते सासूबाईंमार्फत. लग्नाला दोन वर्षं झाली तरी मामाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, आणि माझा एक शब्द समोरासमोर झाला नव्हता. सत्तरच्या दशकात पेट्रोल एकदम भडकलं, तेव्हा मामाजींनी ओसरीवरून काढलेलं फर्मानही मला सासूबाईंकडूनच कळलं. स्कूटर विकायची, रविवारी गिऱ्हाईक येणार.

मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. नवरा ऑफिसला जाता जाता मला तिथं सोडायचा. स्कूटर गेली की माझी नोकरी गेली, यात शंकाच नव्हती. मी अशी भडकले की पोळपाटावर लाटणं आपटून म्हणाले, "आई, त्याईले सांगा, गाडी पेट्रोलवरच चालते असं कुठं लिहून आहे? स्टोव्हच्या स्पिरिटवरही चालते म्हणा!"

मामाजी रेल्वेच्या लोकोशेडमधून फोरमन म्हणून रिटायर झालेले. इंजिनाबद्दल दुसरं कोणी बोललं की त्यांचं डोकं तापायचं. सासूबाई उत्तर घेऊन आल्या, "शनिवारी सेमिनरी हिल्सचा चढ चढवून दाखवा म्हणते. चढली तर गाडी राहिली."

मग काय विचारता! मी स्वयंपाकघरात, मामाजी अंगणात उघड्या इंजिनापुढे, आणि मधल्या दारात सासूबाई. स्पिरिट पेट्रोलपेक्षा जास्त लागतं, म्हणून ज्या पितळी जेटच्या भोकातून इंधन जातं ते भोक मोठं करा, असा माझा निरोप गेला. "मले शिकवून राहिली!" म्हणून मामाजी फणफणले आणि तासाभरात गुपचूप इतवारी बाजारातल्या सोनाराकडून, त्याच्या बारीक गिरमिटानं, ते मोठं करून घेऊन आले. ठिणगी जरा आधी पडायला हवी, हा निरोप सासूबाईंनी पोहोचवला तेव्हा ते म्हणाले, "ते मले समजते. आणखी काय म्हणते ते विचार." ते 'आणखी' ऐकून मी कणकेच्या हातांनीच एक गिरकी घेतली.

आमच्या स्कूटरला इंधनातच तेल मिसळावं लागे, आणि नेहमीचं तेल स्पिरिटमध्ये विरघळेना, खाली बसे. एरंडेल मात्र विरघळतं. सासूबाईंनी फळीवरची बरणी काढली. "काहून वं, इंजिनालेही जुलाब द्या लागते का?"

गार इंजिनाला स्पिरिट पेटवता येईना. आत पेट्रोलचे चार थेंब सोडले आणि मामाजींनी किक मारली. गाडी सुरू झाली! गल्लीभर एरंडेलाचा वास सुटला आणि समोरच्या काकूंनी खिडक्या लावून घेतल्या. मी आणि सासूबाई चुलीपाशी एकमेकींना धरून नाचलो.

शनिवारी नवरा ऑफिसात होता. गाडी मामाजी चालवणार हे ठरलेलंच होतं, पण वाटेत पेट्रोलचे थेंब पाजायला बाटली धरून मागं कोणी बसायचं? मीच बसले. डोक्यावर पदर, मांडीवर बाटली, आणि सगळी गल्ली दारात. सासूबाई हात हलवत मागं राहिल्या. दोघांच्या गाडीवर निरोप पोहोचवणारं माणूस मावत नाही, हे तेव्हा कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

चढ अर्ध्यावर आला आणि गाडी दोनदा आचके देऊन बंद पडली. मामाजींनी दहा किका मारल्या. मागं उभ्या माझ्याकडे ते बघेनात. रस्त्याकडेला एक गाय बसली होती. तिच्याकडे वळून ते म्हणाले, "विचार तिले, काय अडकलं म्हणा?"

मीही गायीलाच सांगितलं, "त्याईले सांगा, स्पिरिटनं टाकीतला जुना गाळ सुटला असन. जेटमधी आला असन."

गाय रवंथ करत राहिली. निरोप काही पोहोचवेना. मला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. बघते तर मामाजींचीही पाठ हलत होती. मग ते सरळ माझ्याकडे वळले, डोळे पुसत हात पुढं केला. "पोरी, डोक्याची पिन दे."

पिनेनं जेटमधला गाळ निघाला, मी थेंब सोडले, आणि गाडीनं जो चढ घेतला तो थेट माथ्यापर्यंत. "चढली नं गा मामाजी!" असं मी सुनेला न शोभेलशा आवाजात ओरडले. उतरताना ते सारखं मागं वळून विचारत होते, स्पिरिट कसं बनते, उसापासूनच काहून, आणि मी त्यांच्या कानात ओरडून उत्तरं देत होते.

सासूबाई दारात मधोमध उभ्याच होत्या. "तिले काय सांगू?" त्यांनी सवयीनं विचारलं.

"काही नको सांगू. मी सांगतो." मामाजी माझ्याकडे बघून म्हणाले, "सोमवारी कॉलेजले जरा लवकर निघ. गार इंजिनाले वेळ लागते."

मी हसता हसता रडायला लागले. सासूबाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग पाट ओढला, गुडघ्यावर हात टेकून हळूच बसल्या आणि म्हणाल्या, "दोन वर्षं झाली वं, माय. पाय दुखून राहिले होते माझे."