बांधावरचे मास्तर

बिरूआप्पा दुसऱ्याच्या रानात कधी सरळ शिरत नसत. सख्ख्या भावाचं रान असलं तरी बांधावर थांबायचे, हाक मारायचे, आतून "या" आलं की मगच पाऊल टाकायचे. खुटबावातली पोरं हसायची. पण आप्पांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचा, परक्यांच्या शेतात मेंढरं बसवायची, खत द्यायचं, धान्य घ्यायचं. "नवख्या गावात शिरताना चार गोष्टी सांगायच्या," ते म्हणत. "नाव, गाव, काय आणलंय, आन् काय नेणार. चौथी लपवली की पयल्या तिन्ही खोट्या."

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मेंढरं विकून विहिरीवर कांदा धरला. त्याच सुमारास पुण्यातल्या एका आंतरराष्ट्रीय विद्यापीठानं नव्या विद्यार्थ्यांच्या ओळख-सप्ताहात 'एक दिवस खेड्यात' असा कार्यक्रम घातला आणि आमचं गाव निवडलं. देशोदेशीची मुलं येणार होती. कार्यक्रम बघणाऱ्या मॅडमचा सरपंचांकडं निरोप आला: बिरूआप्पांनी घोंगडी पांघरून, काठी घेऊन मेंढरांत उभं राहावं. बोलायची गरज नाही. मेंढरं भांडगावहून आणवू.

मी विशीतला, चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला. बसल्या बैठकीला पत्रक लिहिलं: 'माणूस म्हणजे देखावा नव्हे! बहिष्कार टाका!' आप्पांनी चष्मा लावून त्यातलं अक्षर न् अक्षर वाचलं.

"झ्याक लिवलंय. पर पाव्हणा वेशीवनंच माघारी धाडला, तर त्यो शिकणार कवा?"

"म्हणजे तुम्ही मुक्यासारखे उभे राहणार?"

"म्या मुका हाय व्हय रं?"

सरपंचांनी मात्र हात जोडले. "आप्पा, एक दिस गप ऱ्हावा. न्हाईतर ते दुसरं गाव बघतील."

"बघू द्या की. पर माझ्या रानात म्या शोभेला उभा ऱ्हाणार न्हाई. शिकवीन, न्हाईतर कांदा खुरपीन."

बस आली. मुलं उतरली ती कॅमेरे घेऊन थेट भांडगावहून आणलेल्या मेंढरांकडं धावली, नुकत्याच लावलेल्या कांद्याच्या वाफ्यांतून. मॅडमही मागोमाग. रोपं चिखलात गेली. तेवढ्यात शीळ घुमली. मेंढरं थबकली, आणि मुलंही.

"माघारी! समदी बांधावर!"

आप्पा सदरा-धोतरात उभे होते. घोंगडी विहिरीच्या काठावर घडी घालून ठेवलेली.

"आप्पा, वेळ नाही हो," मॅडम म्हणाल्या. "चारला परत निघायचंय."

"मंग लवकर माघारी व्हा."

बांधावर रांग लागली. सरपंच घाम पुसत होते. आप्पांनी चार प्रश्न सांगितले, मॅडमनी नाइलाजानं ते इंग्रजीत केले. आधी मुलं हसली. मग केनियाची एक मुलगी पुढं आली. आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि म्हणाली, "माझे आजोबा गुरं राखतात. परक्या कुरणापाशी तेही असेच थांबतात. मी आणलं काहीच नाही. मला इथलं शिकून न्यायचंय." मॅडमनी हे मराठीत सांगितलं तेव्हा आप्पांचा चेहरा उजळला.

"ये पोरी, आत ये. आता तुम्ही, म्याडम."

"मी? मी तर..."

"बांधावर हायसा न्हवं?"

"मी सुनंदा. गाव... शिरूर."

"शिरूर म्हंजी कुठलं?"

"इनामगाव."

"घोड नदीच्या काठची लेक तू! आन् वाफा तुडवू नये, ह्ये म्या सांगावं व्हय?" आप्पा तुम्हीवरून तूवर आले होते. "काय नेणार?"

"फोटो," त्या हळूच म्हणाल्या.

"खरं बोललीस. ये आत. ज्यानं तुडवलं त्यानं लावायचं."

मॅडमनी पदर खोचला आणि सगळ्यांच्या आधी चिखलात बसल्या. त्यांचा हात रोपावर असा चालायला लागला, की बघायला जमलेल्या गावच्या बायका एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. चार वाजले, पाच वाजले. बस थांबून राहिली. आप्पा वाफ्यावाफ्यातून फिरत होते: "मूळ दुमडू नका. परक्या मातीत लागायचं म्हंजी आधी मूळ सरळ पायजे." मॅडमनी इंग्रजीत केलं की मुलं ते वहीत लिहून घेत होती. माझी पत्रकं पिशवीतच राहिली, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही. अन्यायाविरुद्ध नुसतं दार लावून चालत नाही, दारातच शाळा भरवता येते, हे मला कुठल्या पत्रकानं शिकवलं नव्हतं.

पुढच्या वर्षी विद्यापीठाचं पत्र आलं. ओळख-सप्ताहाचं पहिलं व्याख्यान: श्री. बिरूआप्पा, खुटबाव. सोबत वक्त्याच्या परिचयाचा छापील कागद. त्यात 'शिक्षण' असा रकाना होता. मी पेन घेऊन अडलो. काहीतरी भारदस्त लिहावं असा माझा विचार.

"सजवू नगंस," आप्पा म्हणाले. "म्या सांगतो तसं लिव."

सभागृह भरलं होतं. सुनंदा मॅडम माइकपाशी उभ्या राहिल्या. आप्पांचा परिचय त्यांनी आधी मराठीत वाचला, मग इंग्रजीत, एक शब्दही न बदलता:

"चाळीस वर्षं परक्या गावांत शिरलो. दोनदा हाकललं. त्यातनं शिकलो."

पाच खंडांतली पोरं उठून उभी राहिली. टाळ्या थांबेनात. आप्पांनी माइक हातात घेतला आणि दटावलं,

"बसा, बसा. आजून शिकवलंय कुठं?"