सिस्टरांनी आईला जे सांगितलं

माझे वडील आबा जळगावच्या एका दवाखान्यात अकरा दिवस आयसीयूत होते. तिथल्या सिस्टर रोज भेटायच्या, पण त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्या धुळ्याकडच्या. आमच्याशी पुस्तकी मराठी बोलायच्या आणि बेशुद्ध माणसांशी अहिराणी. "आबा, कूस बदलस हां," असं सांगितल्याशिवाय त्या अंगाला हात लावत नसत.

"त्यांना कुठे ऐकू येतं?" मी एकदा म्हणालो.

"मला येतं ना, भाऊ," त्या म्हणाल्या आणि चादर नीट करू लागल्या.

शेवटच्या दुपारी त्यांनी दार उघडून मला हाक मारली. "भाऊ, आत या. आता फार वेळ नाही." मी घाईघाईने मोबाइल कानाला लावला आणि रावेरला भरत असलेल्या केळीच्या गाडीबद्दल मोठ्याने बोलू लागलो. पलीकडे कुणीच नव्हतं. आबांना मरताना पाहायची माझी हिंमत नव्हती. सिस्टर क्षणभर थांबल्या आणि एकट्याच आत गेल्या. काचेतून दिसलं, आबांचा हात धरून त्या वाकून काहीतरी सांगत होत्या.

दोन तासांनी आई गावाहून आली. "जवळ कोन होतं?" एवढंच तिने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत सिस्टर म्हणाल्या, "भाऊ होते, अक्का. हात धरून बसले होते." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई हे सांगते. मग तो माणूस माझ्या पाठीवरून हात फिरवतो, आणि मी फिरवू देतो.