तिथीत मिळवायचे चार तास

मी घर सोडलं त्या दिवशी दशमी होती. तारीख विचाराल तर पासपोर्टवरचा शिक्का बघून सांगावी लागेल. तिथी मात्र पक्की लक्षात आहे, कारण निघायची वेळ तिच्यावरूनच ठरली होती. आमचं घर दाभोळच्या खाडीच्या एका काठाला आणि मला मुंबईच्या विमानतळावर नेणारी गाडी दुसऱ्या काठाला. ओहोटीला आमच्या धक्क्याच्या खालच्या पायऱ्या चिखलात बुडलेल्या असतात, आणि नव्या कोऱ्या बॅगा त्या चिखलातून न्यायची आईची तयारी नव्हती. उशीर होईल म्हणूनही तीच घाबरलेली. "विमान म्हणजे काय एसटी आहे, हात दाखवला की थांबायला?" असं ती पहाटेपासून म्हणत होती. बाबा ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होते. "दशमी आज. साडेसातला भरती," ते म्हणाले. "पाणी आलं की निघू."

तुम्ही किनाऱ्यावरचे असाल तर हा हिशोब तुम्हाला ठाऊक असेल. पुण्याच्या मित्रमैत्रिणींसाठी सांगते. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. बाबांनी उभं आयुष्य मच्छीमार होडीवर तांडेल म्हणून काढलं. होडी कधी काढायची, कुठून न्यायची, कधी परतायचं, हे ठरवायचा अधिकार फक्त तांडेलाचा, आणि त्यासाठी त्यांना हा एक गुणाकार-भागाकार पुरायचा.

साडेसातला पाणी वरच्या पायरीला लागलं. बाबांनी आम्हाला लहान होडीतून स्वतः वल्हवत पलीकडे नेलं. बॅगा उतरवल्या आणि ते होडीतच बसून राहिले. आईनं पदराला डोळे पुसत पोचल्यावर फोन करायला बजावलं. बाबा म्हणाले, "पाणी उतरायला लागेल आता, मी निघतो." पाणी उतरायला अजून वेळ होता, हे मलाही कळत होतं. मी त्यांना तसं जाऊ दिलं, आणि गाडीत बसल्यावर घाट लागेपर्यंत रडले.

हॉलंडमधल्या ब्रेडामध्ये मी एका लॉजिस्टिक्स कंपनीत कंटेनर कुठल्या जहाजावर कुठे पोचले हे दाखवणारं सॉफ्टवेअर लिहिते. म्हणजे तांडेलाच्या मुलीनं जहाजांचाच धंदा धरला, फक्त पाण्याचा थेंब अंगावर न घेता. पहिली काही वर्षं तशीच गेली. सायकलवरून ऑफिस, खेमेन्टेच्या म्हणजे नगरपालिकेच्या अपॉइंटमेंटा, हाउसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, कुठल्याही दुखण्याला दिलेली पॅरासिटामॉल. मग लग्न, नवरा कोथरूडचा अभिजित, आणि मग आमची लेक इरा, जिला मराठी सगळं समजतं पण उत्तरं डचमध्ये फुटतात. अभिजितला पोहता येतं, पण तळाशी टाइल्स दिसत असतील तरच.

आमचे शेजारी विम आणि आन्नेके. त्यांची शिडाची बोट झीलंडमधल्या एका छोट्या बंदरात होती, ओस्टरस्खेल्डे नावाच्या समुद्राच्या खाडीकाठाला. एका रविवारी त्यांनी आम्हाला बरोबर नेलं. हॉलंडमधलं पाणी म्हणजे कालवे आणि तळी, गोडं, शहाण्या मुलासारखं एका जागी बसलेलं, अशी माझी समजूत होती. गाडीचं दार उघडलं आणि वास आला. ओहोटीनं उघड्या पडलेल्या गाळाचा, शेवाळाचा, शिंपल्यांचा. माझ्या नाकाला तो वास कुठला हे आधी कळलं आणि डोक्याला नंतर. डोळे भरून आले. आन्नेकेला वाटलं, मला थंडी वाजतेय. तिनं आपलं जाकीट माझ्या खांद्यावर टाकलं.

त्यानंतर मी तिथे शीड सांभाळायला शिकले. विम चांगला शिक्षक होता, म्हणजे चुकलं की ओरडायचा आणि लगेच कॉफी द्यायचा. सुकाणू हातात धरायला मात्र त्याला मला शिकवावं लागलं नाही. पुढे अर्धी बोट आमची झाली.

पण विमचं मन या पाण्यात कधी नव्हतंच. राखाडी आकाश, राखाडी पाणी, जुलैतसुद्धा कानटोपी. याला काय सेलिंग म्हणायचं, असं तो दर रविवारी म्हणायचा. निवृत्त झाल्यावर नवराबायकोनं ग्रीसमध्ये दुसरी बोट घेतली आणि तिथेच मुक्काम ठोकला. जाताना त्यानं सांगितलं, या मोसमानंतर त्याला इथलं काही ठेवायचं नाही. आम्ही सगळी बोट घ्यावी, नाहीतर विकून टाकावी. अभिजितचं मत स्पष्ट होतं. "विकून टाकू. दर वर्षी आठवडाभर उबदार पाण्यात जाऊ. थंडीत कुडकुडायला माणसं पैसे देतात हे मला अजूनही पटलेलं नाही."

विमच्या आग्रहावरून आम्ही तिकडे जाऊनही आलो. खोटं कशाला बोलू, स्वर्ग होता. नांगर टाकला की तो तळाला टेकलेला वरून दिसायचा. सकाळी उठून थेट बोटीवरून पाण्यात उडी, संध्याकाळी काठावर भाजलेले मासे आणि लिंबू. इरा काळी कुळकुळीत होऊन माशासारखी बागडत होती. अभिजित तर त्या आठवड्यात एकदाही लाइफ जॅकेटकडे बघेना. तळ दिसत होता ना. मलाच काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मी बाबांना आदल्या दिवशीसारखाच व्हिडिओ कॉल लावला आणि फोन फिरवून बंदर दाखवलं. बाबा बराच वेळ बघत राहिले.

"सुंदर आहे गो," ते म्हणाले. "पण काल दाखवलंस तेव्हा पाणी त्याच दगडाला होतं."

"इथे भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच, बाबा."

"मग ही माणसं दिवसभर वाट कसली बघतात?"

त्यांनी ते गमतीनं विचारलं. पण माझं जे चुकत होतं ते हेच होतं. ज्या पाण्यात मी वाढले ते गढूळ, उतरणारं, चढणारं, आपल्याला थांबवून ठेवणारं पाणी. त्याच्यासारखं पाणी उबदार ग्रीसमध्ये नव्हतं, कुडकुडणाऱ्या झीलंडमध्ये होतं.

त्या हिवाळ्यात आई गेली. मी क्रियाकर्म उरकून परत आले आणि रोज बाबांना फोन करू लागले. ते जेवत होते, झोपत होते, तक्रार नव्हती. एकदा मी सहज विचारलं, "आज भरती कधी आहे?" ते म्हणाले, "बघितलं नाही." शेजारच्या काकूंना विचारलं तेव्हा कळलं, ते धक्क्यावर जाणं सोडून मागच्या पडवीत बसतात, पाण्याकडे पाठ करून. विमच्या बोटीचा निर्णय मी तिथेच लांबणीवर टाकला. बाबांना इकडे आणायचं आणि एकदा तरी पाण्यावर न्यायचं, एवढंच मला हवं होतं. ते असे पाण्यावाचून बसले तर फार दिवस काढणार नाहीत, अशी मला भीती वाटत होती.

जूनमध्ये बाबा आले. सामानात लोणचं, सुकट आणि मराठी कॅलेंडर. ते त्यांनी स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी टांगलं. पुढचे कित्येक दिवस ते खिडकीशी बसून सायकली बघत राहिले. सगळ्याला "चालेल" म्हणायचे. भात? चालेल. फिरायला जाऊ? चालेल. आयुष्यभर चार माणसांना हुकूम सोडलेला माणूस माझ्या घरात पाहुण्यासारखा अंग चोरून वावरत होता, आणि ते मला बघवत नव्हतं.

बोटीवरही ते "चालेल" म्हणूनच आले. सकाळभर केबिनच्या दाराशी मांडी घालून बसले. दुपारी खाडीच्या मुखासारख्या एका जागी आलो. समोर वाळूचा दांडा पाण्याखाली होता. वाट दाखवणाऱ्या तरंगत्या बोयांच्या बाजूनं वळसा घेऊन जायचं, की दांड्यावरून सरळ, हे मला ठरवायचं होतं. मी वळसा घ्यायला सुकाणू लोटलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"वळसा कशाला घेतेस? अष्टमी आज. सहाला भरती. पाणी चढतंय, घाल सरळ."

माझ्या फोनवर सकाळीच पाहिलेलं होतं. भरती दहाला होऊन गेली होती, आता पाणी उतरत होतं आणि चारनंतर तळाला जाणार होतं. समोरची बोयासुद्धा उतरत्या पाण्यानं कललेली होती. ती बाबांनाही दिसत असणार, पण उभ्या आयुष्याचा हिशोब डोळ्यांपुढे आला की बोया कुठली दिसायला. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते उठून उभे राहिले होते, एक हात दोराला, मान पुढे. कित्येक महिन्यांत त्यांनी कुणाला काही कर म्हणून सांगितलं नव्हतं. वारा बेताचा, वाळू मऊ, अष्टमीचं पाणी तसंही फार उतरत नाही. मी बोट सरळ घातली.

बोट अलगद रुतली, बसमध्ये कुणी पेंगून खांद्यावर डोकं टेकावं तशी. अभिजितनं लाइफ जॅकेटचा पट्टा आवळला. इरानं डचमध्ये विचारलं, "आजोबा, आपण अडकलो?" बाबा वाकून पाणी बघत होते. बोटीच्या कडेनं पाणी हळूहळू खाली चाललं होतं आणि ते बघताना त्यांचा चेहरा उतरत गेला.

"उतरतंय," ते म्हणाले. "अष्टमीला या वेळी उतरतंय?"

"इथलं पाणी वेगळ्या वेळेला येतं, बाबा. तासाभरात परत चढेल. काही होणार नाही."

मला वाटलं, झालं. होतं तेवढंही मी घालवलं. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुला ठाऊक होतं."

"हो."

"मग माझं ऐकलंस कशाला?"

मी रुतलेल्या बोटीचं सुकाणू तसंच धरून ठेवलं. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज धक्क्यावरच्यासारखा लागला. "बाय, सुकाणू तुझ्या हातात आहे. तांडेल तू. तांडेलानं बापाचंसुद्धा ऐकायचं नसतं."

वाळू उघडी पडली तसे ते पँट दुमडून खाली उतरले. गार पाण्यानं अंग शहारलं तरी कबूल करेनात. इरा त्यांच्यामागे. आजोबा टाचेनं वाळू दाबायचे, बोटं खुपसायचे आणि शिंपला वर काढायचे. तिला मराठीत सांगायचे, ती डचमध्ये विचारायची, आणि दोघांचं काही अडत नव्हतं. अभिजितनं थर्मासमधला चहा ओतला. बाबांनी बशी मागितली. बोटीवर बशी नव्हती, तर त्यांनी डब्याच्या झाकणात घेतला. मग माझ्याशेजारी टेकले आणि म्हणाले, "किती तासांचा फरक?"

"चार."

"अष्टमीचे सहा, सहा नि चार दहा." त्यांनी फोन मागून घेतला आणि डोळे बारीक करून भरतीची वेळ वाचली. "बरोबर आहे की. नवमीला पावणेसात नि चार." त्यांनी पौर्णिमेपर्यंतचा सगळा हिशोब त्या वाळूवर बसल्या बसल्या पुरा केला. मध्येच मी सांगितलं की हिवाळ्यात इथे घड्याळ एक तास मागे घेतात, तेव्हा तीनच मिळवायचे. यावर ते बराच वेळ हसले. "सरकार घड्याळ मागं घेतं? आणि पाणी ऐकतं त्यांचं?"

साडेपाचच्या सुमाराला बोट हलली. अभिजित मला म्हणाला, "विकायचं राहू दे. पण माझ्यासाठी जाड जाकीट घे." त्याला वाळूवर आवडलं होतं, तळ अगदी स्वच्छ दिसत होता.

बाबा ऑगस्टमध्ये परत गेले. सणाला नारळ आपल्याच पाण्यात सोडायचा होता. काकू सांगतात, आता रोज संध्याकाळी धक्क्यावर असतात. मला फोन येतो तोही तिथूनच. "एकादशी आज. तुझं पाणी सव्वाबाराला." मी कामात असते, मीटिंगमध्ये असते, बंदरापासून तासभर दूर असते. तरी ऐकते आणि सव्वाबारा वाजले की खिडकीबाहेर बघते.

तुम्ही जे तिकडे राहिलात ते विचारता, घर आता कुठलं वाटतं. आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघालात ते विचारत नाही, कारण तुम्हालाही सांगता येत नाही. मी बरीच वर्षं या दोन काठांतला एक निवडायला बघत होते. आता मला वाटतं, घर म्हणजे तो चार तासांचा फरक, जो कुणीतरी आपल्यासाठी रोज आठवणीनं मिळवतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बोट हिवाळ्यासाठी पाण्याबाहेर काढायची होती. आमच्या बंदरात ते भरतीलाच जमतं. मी हल्ली फोनवर वेळ बघत नाही; कॅलेंडर अजून फ्रिजशेजारी आहे. दशमी होती. साडेसात नि चार, साडेअकरा. म्हणून मी निवांत दुसरा चहा ठेवला होता. तेवढ्यात बाबांचा फोन आला. मागे खाडीचा आवाज येत होता.

"अजून घरातच तू?" ते म्हणाले. "आज घड्याळ मागं घेतलं ना तुमच्या सरकारनं? तीन मिळव, चार नाही. पाणी आलंय, बाय. निघ."