दारं बंद होताना

माझी मुलगी चालायला लागली, हाताला येईल ते तोंडात घालायला लागली, आणि तेव्हा कुठे माझं बिनसलं.

ती दिवस भरायच्या बरीच आधी जन्मली होती. सुरुवातीला ती काचेच्या पेटीत असायची, अंगाला वायरी लावलेल्या. एका दुपारी मी शेजारी बसले असताना तिचा श्वास थांबला. मॉनिटर वाजू लागला, नर्स धावत आल्या, कुणीतरी मला बाजूला सारलं. त्यातून ती वाचली. घरी आली, बाळसं धरलं. पुण्याहून आई फोनवर म्हणायची, "झालं ना सगळं नीट? आता मागचं कशाला उगाळतेस?" पण मी उगाळत नव्हतेच. मी ते आठवायचंच टाळत होते.

मग नवीन नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात आंग मो किओ स्टेशनवर एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत चढले. दारं मिटण्याआधी टीं-टीं-टीं वाजलं आणि माझे हातपाय गार पडले. मुलगी पाळणाघरात होती, तरी मला खात्रीच वाटली, तिचा श्वास थांबलाय. पुढच्या स्टेशनवर उतरून पाळणाघरात फोन लावला. तिथली बाई हसली. "पॉरिज खातेय, ओके लाह!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी गाडी सोडून बसने जाऊ लागले, तर बसमध्ये तिकिटाच्या कार्डाचं मशीन वाजायचं. घरी मायक्रोवेव्ह लावणं बंद केलं. सुट्टीच्या दिवशी मुलगी दुपारची झोपली की तिच्या नाकापुढे बोट धरून बसायचे. शंका आली की तिला हलवून उठवायचे. ती रडली की मला बरं वाटायचं.

"अगं, झोपू दे ना तिला," नवरा एकदा म्हणाला. मी त्याच्यावर इतकी ओरडले, की ती घाबरून त्याच्या मागे लपली. त्याच आठवड्यात मी डॉक्टर गाठले. त्यांनी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं.

"मी वेडी होतेय का?" मी त्यांना आधी हेच विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "ती दुपार तुमच्यासाठी अजून संपलेली नाही. आवाज झाला, की शरीराला वाटतं, ते आत्ताच चाललंय."

उपाय ऐकून मी उठूनच जाणार होते. डोळे मिटून ती दुपार सांगायची, जणू आत्ता घडतेय अशी. फोनवर रेकॉर्ड करायचं आणि घरी रोज ऐकायचं. मी इंग्रजीत सांगितलं, ऑफिसात कामाचा अहवाल द्यावा तसं. त्यांनी विचारलं, "घरी कुठली भाषा बोलता?"

"मराठी."

"मग मराठीत सांगा."

"तुम्हाला कळणार नाही."

"तुमचा चेहरा कळेल. नंतर मला थोडक्यात समजावा."

'ती निळी पडतेय' हे तीन शब्द मराठीत तोंडाबाहेर येईनात. शेवटी एकेक करत म्हटले. पुढचे काही आठवडे वाईटच गेले. रेकॉर्डिंग ऐकता ऐकता मी मध्येच बंद करायचे. सोडून द्यावं असं कितीदा वाटलं. दर वेळी माझं सांगणं एकाच जागी थांबायचं, मला बाजूला सारलं तिथे.

"मग?" बाई विचारायच्या.

"मग काही नाही."

एकदा मात्र तोंडून पुढचं निघालं. एक नर्स मला हाताला धरून पुन्हा पेटीजवळ नेते, माझं बोट आत, लेकीच्या तळपायाला लावते. पाय ऊन आहे. हे घडलं होतं, आणि मला ते आठवतच नव्हतं. मी डोळे उघडले आणि खूप रडले.

त्यानंतर गाडीचा सराव सुरू झाला. आधी नवऱ्याबरोबर, एकेक स्टेशन. छातीत धडधड व्हायची; ती ओसरेपर्यंत उतरायचं नाही, एवढंच ठरलेलं. तोआ पायोहपर्यंत न उतरता पोचलो, त्या दिवशी तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या गर्दीत, कॉफी प्यायला बसलो. मी खुशीत होते. तो कप नुसताच फिरवत होता.

"त्या दुपारी मी मीटिंगमध्ये होतो," तो म्हणाला. "फोन सायलेंटवर होता. तुझे सगळे मिस्ड कॉल नंतर दिसले. तेव्हापासून आंघोळीलाही फोन आत घेऊन जातो. तुला कळलंच नाही ना?"

मला खरंच कळलं नव्हतं.

"त्या बाई मलाही बघतील का?"

"विचारते," मी म्हणाले, आणि तिथूनच फोन लावला.