मापातले किरण

सीटी स्कॅनच्या खोलीत काम केलं की किस्से साठतातच. आम्हा टेक्निशियनना बोलायला माइक, ऐकायला स्पीकर, आणि पेशंट नि आमच्यामध्ये जाड काच. दिवसभर माइकवर बोलायचं, आणि संध्याकाळी इंदिरानगरला जाऊन सांगायचं कोणाला? नवरा गेल्यापासून फ्लॅटचं दार मीच उघडते, मीच लावते. म्हणून तुम्हाला सांगते.

यंदा मी हट्टच धरला होता. आमच्या हॉस्पिटलात लहान मुलांना किती किरण द्यायचे, याचं ठरीव प्रमाण हवं! मोठ्या माणसाच्या सेटिंगवर चिमुरडं लेकरू स्कॅन करायचं, हे मला बघवेना. आमचे रेडिओलॉजिस्ट डॉक्टर म्हणाले, "करा कमी. पण एक जरी स्कॅन पुन्हा करावा लागला, तर जुनं सेटिंग परत!"

"आणि पोर हललं म्हणून करावा लागला तर?"

"तरीही!"

झालं! म्हणजे खापर माझ्याच डोक्यावर फुटणार.

*

देवळ्याचे एक कांदा व्यापारी नातवाला घेऊन आले. मी कौतुकानं सांगितलं, "बाळाला आम्ही किरण कमी देतो."

ते उठून उभेच राहिले. "कमी का म्हणून? एवढ्या लांबून आलोय मॅडम, फुल पॉवर लावा!"

समजावता समजावता माझा घसा बसला. पटलं त्यांना. पण जाताना हळूच म्हणाले, "उरलेली पॉवर माझ्या गुडघ्याला लावता आली तर बघा!"

*

एका वडिलांना मुलीचं वय विचारलं. ते बायकोकडे बघायला लागले.

"कुठलं सांगू? बसमधलं का शाळेतलं?"

त्या दिवसापासून वयाचा नाद मी सोडला. पोटाचा स्कॅन असला की सरळ टेप घेऊन पोटाचा घेर मोजते. एकदा एक आजी बघत होत्या.

"नातीला फ्रॉक शिवता का काय?"

"नाही आजी, किरण मापात बसवतेय."

"मग जरा ढिलंच ठेवा, वाढतं अंग हाय!"

*

किरण कमी केले की फोटोवर थोडी रवाळ झाक येते. डॉक्टर रोज कुरकुरायचे. एकदा म्हणाले, "मॅडम, हा फोटो धुक्यात काढला का?"

"निदान होतंय ना, सर?"

"होतंय."

"मग धुकं राहू द्या!"

त्या दिवशी डबाही मी मनासारखा खाल्ला. समोरची खुर्ची तेवढी रिकामी होती, नेहमीसारखी.

*

आणि ही कळवणची सात वर्षांची पोरगी. छातीचा स्कॅन. आई बाहेर गेली, दार बंद झालं, आणि पोरीचे पाय हलायला लागले. हलली तर स्कॅन पुन्हा. म्हणजे तिला दुप्पट किरण, आणि माझ्या प्रमाणाचा निकाल! मी माइकवर नेहमीचं बोलले, "घाबरू नको हं बाळा. दार उघडलं की आई येईल."

"तुम्ही कुठं हाय, मावशी?"

"इथंच, काचेमागे. तू वर बघ."

"तुमच्याजवळ कोण हाय?"

खोटं सांगायला हवं होतं, पण जमलं नाही. "कोणी नाही गं. एकटीच आहे."

तिचे पाय थांबले. टेबल सरकलं, मशीन फिरलं. पोरगी तसूभर हलली नाही.

थोड्या वेळानं डॉक्टरांचा वरून फोन आला. "धुकं आहे, पण सगळं दिसतंय. राहू द्या तुमचं प्रमाण. आता कायमचं!"

मला इतका आनंद झाला! कोणाला तरी सांगावं म्हणून मागे वळले, तर मागे नुसती भिंत.

तेवढ्यात पोरीला न्यायला आई आत आली. पोरगी दारापर्यंत गेली, आईचा हात सोडवून घेतला आणि पळत माझ्या काचेपाशी आली. नाक काचेला चिकटवलं. स्पीकरमधून तिचा आवाज आला,

"मावशी, घाबरू नका हं! दार उघडलं की येतं कोणीतरी!"