उंदरांच्या खोलीतल्या लेकुरवाळ्या

एक जनुक मुद्दाम काढून टाकलेले उंदीर आमच्या प्रयोगशाळेत परदेशातून आले, ते नव्वदीच्या दशकात. त्या जनुकावाचून नराचं वृषण नीट घडतं का, हे बघणं माझं काम. दिसायला ते नर धडधाकट, मिशा फेंदारून फिरणारे. वृषणं मात्र मसुराएवढी, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की आतल्या नळ्या रिकाम्या.

पिल्लं होतात का हे तपासायला अशा नराजवळ आधी व्यालेलीच मादी सोडायची, हा नियम. म्हणजे पिल्लं झाली नाहीत तर बोल मादीवर येत नाही. आमच्यात त्या माद्यांना 'लेकुरवाळ्या' म्हणायचे. आज दोन लेकुरवाळ्या हव्यात, असं मीही बिनदिक्कत सांगायचे. उंदरांना मिळणारा हा न्याय मला भारी वाटायचा. कोपरीत आमच्या घरी तेवढाही नव्हता.

आम्हाला मूल होत नव्हतं. नवऱ्याच्या तपासणीचा रिपोर्ट आम्हा दोघांनाच ठाऊक होता. दोष त्याच्यात होता. "आईला एवढ्यात नको सांगूस. मी सांगेन," तो म्हणाला होता आणि खूप रडला होता. माझा जीव होता त्याच्यावर. मी गप्प बसले. सासूबाईंनी सांगितलेले उपास, अंगारे, काढे सगळं माझ्याच वाट्याला आलं, आणि मी निमूट काढे प्याले. म्हणे शास्त्रज्ञ बाई.

मग वर्तकनगरला नणंदेच्या मुलाचं बारसं झालं. मी बाळाला घेऊन पाळण्याशी उभी होते. सासूबाईंनी सगळ्यांदेखत बाळ माझ्याकडून काढून घेतलं. "तू जरा मागे हो गं. लेकुरवाळ्यांना येऊ दे पुढे." त्या रागाने बोलल्या नव्हत्या, रीत म्हणूनच बोलल्या. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने ऐकलं होतं. तो घुगऱ्यांचे द्रोण वाटू लागला.

परतताना रिक्षात त्याने माझा हात हातात घेतला. "बरं झालं, तू काही बोलली नाहीस," तो म्हणाला. मनापासून, अगदी उपकार मानत म्हणाला. तू कधी बोलणार, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. तो कधीच बोलणार नव्हता, हे मला तिथेच कळून चुकलं, आणि घर येईपर्यंत माझं रडू थांबेना. त्याला वाटलं, मी बाळासाठी रडतेय.